पुसलेला दांडा

लोखंडाचा फोटो काढायचा म्हणजे आरशाचा फोटो काढायचा. हे मला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी कळलं. त्याआधी तीसेक वर्षं मी अमरावतीत माणसांचे फोटो काढत होते. माणसाच्या चेहऱ्यावर उजेड पडला की तो तिथे जरा वेळ थांबतो. गालावर थांबतो, कपाळावर पसरतो, हनुवटीखाली विरतो. वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेल्या पोलादी पात्याजवळ मात्र स्वतःचं दाखवण्यासारखं काही नसतं. समोर खिडकी असली तर ते खिडकी दाखवतं, तुम्ही उभे असलात तर तुम्हाला दाखवतं, आणि कॅमेऱ्यावरचा फ्लॅश सरळ त्याच्यावर मारलात तर पांढरा डाग दाखवून मोकळं होतं.

स्टुडिओ माझ्या वडिलांचा. मी त्यात वाढले आणि त्यातच म्हातारी झाले. लग्नं, मुंजी, शाळेचे गट-फोटो, परीक्षेच्या अर्जावरचे चेहरे. एक गृहस्थ दरवर्षी त्याच महिन्यात, गेल्या वर्षीचाच शर्ट घालून यायचे, फोटो काढून घ्यायचे आणि खुर्चीवर बसून जुन्या फोटोशी ताडून पाहायचे. एका वर्षी ते आले नाहीत. मी तो महिनाभर दर वेळी दाराची घंटी वाजली की वर पाहायची. पुढे लोकांच्या खिशात कॅमेरे आले, लग्नांवर ड्रोन उडायला लागले, माझे गुडघे बोलायला लागले. स्टुडिओ अर्धा दिवस उघडा ठेवायचा असं मी ठरवलं, त्याच सुमारास गावंडे सर आले.

सर अकोल्याचे. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले. अमरावतीला लेकीकडे आले होते आणि त्यांना पासपोर्टचा फोटो हवा होता. फोटो झाला तरी ते उठेनात. मी दिवे कसे सरकवते ते पाहत बसले. मग खांद्यावरच्या कापडी पिशवीतून त्यांनी एक रंधा काढून टेबलावर ठेवला. शिसवीचा, वीतभर लांब, कडा झिजून नावेसारख्या झालेल्या.

"ताई, याचा फोटो निघते काय? मोबाइलनं काढला तं ईट दिसते."

मी कॅमेऱ्यावर फ्लॅश लावला आणि काढला. खरोखर वीटच दिसली. मग मला काय सुचलं कोणास ठाऊक, मी फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवला, वायरलेस ट्रिगर लावला आणि तो टेबलाच्या कडेला, रंध्याच्या अगदी बाजूला, जमिनीला समांतर ठेवला. उजेड वरून पडण्याऐवजी लाकडावरून सरपटत गेला. पडद्यावर फोटो आला तेव्हा आम्ही दोघंही वाकून पाहत राहिलो. सपाट वाटणाऱ्या लाकडावर बारीक बारीक लाटा होत्या. ज्या माणसानं तो रंधा घडवला होता त्याच्या हत्यारानं काढलेल्या एकेका टवक्याची खूण तिथे होती, वाळूवर पाणी ओसरून गेल्यावर राहते तशी.

सरांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या घरी अशी अडीचशेच्या वर हत्यारं होती. वऱ्हाडातल्या सुतार, लोहार, पिंजारी, चांभार घरांमधून जमवलेली. काही भंगारातून वेचलेली, काही लोकांनी आपणहून दिलेली, काही आठ-पंधरा दिवसांपुरती मागून आणलेली. त्यांचं एक पुस्तक करायचं त्यांच्या मनात होतं. मी हो म्हटलं. पुढची दोन वर्षं दर बुधवारी मी अकोल्याची एसटी धरली.

सरांच्या घराची मागची खोली आम्ही घेतली होती. खिडकीला घोंगडी ठोकली, टेबलावर काळं कापड अंथरलं. बाहेरच्या लोकांना वाटतं फ्लॅश म्हणजे खूप उजेड. आमच्या कामात फ्लॅश म्हणजे आधी खूप अंधार. खोलीतला सगळा उजेड घालवायचा आणि मग हवा तिथे, हवा तेवढाच परत आणायचा. लाकडासाठी फ्लॅश खाली, बाजूला. लोखंडासाठी फ्लॅशपुढे बटर पेपर ताणून बांधायचा, म्हणजे पात्याला फ्लॅश दिसत नाही, नुसतं पांढरं आभाळ दिसतं आणि ते आभाळासारखंच मवाळ होतं. कागद जरा हलला तरी पात्यावरचं आभाळ फाटतं, म्हणून कूलर बंद. अकोल्याच्या मे महिन्यात कूलर बंद करून बसणं काय असतं ते तिथल्या माणसाला सांगायला नको. सरांच्या घरून ताकाचे पेले येत राहायचे आणि आम्ही काम करत राहायचो.

ते दिवस आठवले की मला ते झोपेतले वाटतात. काळोख्या खोलीत मी बटण दाबायची. क्षणाच्याही बारीक तुकड्यापुरतं एक हत्यार उजळायचं आणि विझायचं. डोळे मिटले की तेच हिरवट होऊन पापणीच्या आत तरंगायचं. गिरमिट, म्हणजे लाकडाला भोक पाडायचं पिळाचं हत्यार, वेलीसारखं वर चढायचं. करवतीचे दात पाखरांच्या रांगेसारखे दूर जायचे. संध्याकाळी परतीच्या गाडीत मूर्तिजापूर मागे पडलं की मी डोकं टेकायची. बाहेर कपाशीची वावरं सरकत असायची आणि आत, डोळ्यांपुढून, दिवसभरातली हत्यारं एकामागून एक जायची. कधी कधी त्यांच्यासोबत हातही दिसायचे. नुसते हात, मनगटापर्यंत. मी घाबरायची नाही. बडनेरा आलं की कंडक्टर उठवायचा.

रहमान चाचा बाळापूरकडचे पिंजारी. त्यांचं पिंजण आम्ही आणवलं होतं. कापूस पिंजायची ती उंच कमान, ताणलेली तात, आणि तातेवर मारायचा लाकडी मुठा. पिंजण काही चाचांनी एकटं येऊ दिलं नाही, तेही सोबत आले. मी फोटो काढून दाखवला. तात अगदी रेघेसारखी स्वच्छ आली होती. चाचांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, फोटो अच्छा हाय, पण याच्यात आवाज नाई. मला हसू आलं, पण ते थट्टा करत नव्हते. तात गप्प उभी राहिली तर ती तात नाही, नुसता दोरा, असं त्यांचं म्हणणं.

मी विचार केला. फ्लॅशचा उजेड इतका थोडा वेळ असतो की हलती वस्तूही त्यात थिजते. मग मी घोंगडीचा एक कोपरा बोटभर उचलला, बाहेरच्या उन्हाची एक पट्टी आत घेतली, कॅमेऱ्याचं झाकण जास्त वेळ उघडं ठेवलं आणि चाचांना मुठा मारायला सांगितला. तात थरथरली, त्या थरथरीचं धुकं उन्हाच्या पट्टीत उमटलं, आणि शेवटी फ्लॅश उडाला तेव्हा धुक्याच्या मधोमध एकच स्वच्छ रेघ उभी राहिली. सहा-सात वेळा फसलं, मग साधलं. चाचा पडद्याजवळ कान नेऊन हसले आणि म्हणाले, "आता वाजून राह्यली." मला आजवर मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी.

पण मला सांगायचं आहे ते दुसरंच.

तेल्हाऱ्याच्या बाजूला एका गावात सुभद्राबाई राहतात. त्यांचे यजमान सुतार होते. बैलगाड्या, तिफणी, दारांच्या चौकटी, सगळं काम. ते जाऊन अकरा वर्षं झालेली. त्यांची बाकी हत्यारं पुतण्यांनी वाटून नेली, एक वासला तेवढा बाईंनी दिला नाही. वासला म्हणजे लाकूड तासायचं हत्यार: कुदळीसारखं आडवं पातं आणि हातभर दांडा. सरांनी तीनदा खेटे घातले तेव्हा बाईंनी तो आठ दिवसांसाठी दिला, जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून.

त्या बुधवारी सर बँकेत गेले होते. मी एकटीच काम करत होते. गाठोडं सोडलं, वासला काळ्या कापडावर ठेवला आणि दोन बाजूंना दोन फ्लॅश लावून एक चाचणीचा फोटो घेतला. दुसरा फ्लॅश उडालाच नाही, त्यामुळे अर्धा वासला अंधारात गेला. जो अर्धा दिसत होता त्याच्या दांड्यावर मधोमध एक काळपट, राखाडी पापुद्रा होता. बाजूच्या उजेडात तो फारच डोळ्यांवर येत होता. मला वाटलं, अडगळीत पडून मळ धरला असेल.

स्टुडिओतली सवय वाईट असते. नवरीच्या नाकावरचा घाम टिपायचा, नवरदेवाच्या कॉलरवरचं कुंकू झटकायचं, हे इतकी वर्षं केलं की हात विचारत नाही. मी फडक्यावर टर्पेंटाइन घेतलं आणि दांडा चोळला. मग जवसाच्या तेलाचा हात फिरवला. दहा मिनिटांत बाभळीचं लाकूड मधासारखं चमकायला लागलं. त्याचे मी जे फोटो काढले ते त्या दोन वर्षांतले सगळ्यात देखणे होते. हे मी अजूनही म्हणते, आणि म्हणताना मला लाज वाटते.

सर आले. पडद्याकडे पाहून आधी खुश झाले. मग टेबलावरच्या वासल्याकडे त्यांची नजर गेली आणि ते खाली बसले.

"तुमी हे पुसलं?" त्यांनी विचारलं.

मग त्यांच्याकडून कळलं. तो पापुद्रा अडगळीतला मळ नव्हता. चाळीसेक वर्षं एका माणसाचा घामेजलेला हात त्या जागी पडत राहिला होता, त्याचं ते पूट होतं. सुभद्राबाई त्याला ओला हात लावू देत नसत. वासला रोज उशाशी घेत, कधी काढून नाकाशी धरत. सरांनाही त्यांनी देताना सांगितलं होतं की धुऊ नका, पुसू नका. ते मला सांगायचं सर विसरले होते. मला रागावता येईना, त्यांनाही मला रागावता येईना. खोलीत जवसाच्या तेलाचा वास भरून राहिला होता.

मग सर म्हणाले, की हे दुरुस्त करता येईल. काजळी, तेल आणि जरा राख घेऊन चोळलं तर अर्ध्या तासात दांडा पहिल्यासारखा करून देतो, तीस वर्षं लाकडाशीच खेळलो आहे. बाईंना आता नीट दिसतही नाही. सांगून त्यांना दुखवायचं कशाला? आणि ही गोष्ट बाहेर पसरली तर पुढे कोणतं घर आपल्याला हत्यार देईल? त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पुस्तक हा त्यांचा म्हातारपणाचा ध्यास होता आणि अजून बरीच हत्यारं मागून आणायची होती.

मी त्यांना नको म्हटलं नाही, हे कबूल करते. मी म्हटलं, पुढच्या बुधवारी बघू. घरी आले. तो आठवडा मी कसा काढला ते मला नीट आठवत नाही. गाडीत दिसायचे ते हात आता स्टुडिओत, भर दुपारी, कुणाच्या चेहऱ्यावर दिवा लावतानाही दिसायचे, आणि त्यांच्यात काही धरलेलं नसायचं. ते उघडे, रिकामे असायचे. मंगळवारी मी सरांना फोन केला आणि सांगितलं की काजळी लावू नका. मी तेल्हाऱ्याला जाते, तुम्ही आलात तर बरं, नाही आलात तर एकटी जाईन. दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या स्टँडवर ते गाठोडं काखेत घेऊन उभे होते. रस्ताभर माझ्याशी बोलले नाहीत.

सुभद्राबाईंचं घर गावाच्या टोकाला, दोन खोल्यांचं. ओसरीत त्या पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळक्या कपाशीच्या, काड्यांची मोळी सोडत बसल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या, लहानखुऱ्या, डोळ्यांत फूल पडलेलं. चहा झाल्याशिवाय त्यांनी बोलू दिलं नाही. मग सरांनी गाठोडं पुढे केलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. जसं झालं तसं, फडक्यापासून तेलापर्यंत. सरांचं विसरणं मी सांगितलं नाही, पण ते त्यांनीच मध्ये सांगितलं.

बाईंनी धडपा सोडला. दांडा दोन्ही हातांत धरला, बोटं फिरवली, नाकाशी नेला. तिथे थांबल्या. ओसरीतून एक कोंबडी चालत गेली.

"काहून पुसलं?" त्यांनी विचारलं.

"फोटोत मळ दिसत होता, मावशी."

"मळच होता तो. त्याइचा होता."

मी कॅमेरा काढला. अर्ध्या अंधारातला तो चाचणीचा फोटो मी पुसून टाकला नव्हता. एरवी असे फसलेले फोटो मी तिथल्या तिथे काढून टाकते, या वेळी राहून गेला होता. पडद्यावर तो मोठा करून मी त्यांच्यापुढे धरला. पापुद्रा होता, त्यात बोटांच्या जागाही होत्या. त्यांनी कॅमेरा डोळ्यांजवळ नेला, लांब नेला आणि मला परत दिला. त्यांना त्यातलं काही दिसत नव्हतं. इतका नेमका उजेड मी आयुष्यात क्वचित लावला असेल आणि ज्यांना तो पाहायचा होता त्यांच्या डोळ्यांपर्यंत तो पोचत नव्हता.

त्यांनी वासला पुन्हा हातात घेतला. या वेळी बोटं हळू, जोर देऊन फिरवली, आंधळा माणूस चेहरा पाहतो तशी. मग माझा हात ओढून दांड्यावर ठेवला. चमकत्या लाकडात चार उथळ खळगे होते आणि मागच्या बाजूला अंगठ्याचा एक. मी ते चोळताना मला जाणवले नव्हते. माझी बोटं त्यात सैल पडली, खळगे माझ्या बोटांहून रुंद होते.

"त्याइचा हात मोठा होता," त्या म्हणाल्या. "खड्डे हायेत. वास गेला."

मी माफी मागितली. त्यांनी माफ केलं असं म्हटलं नाही, आणि नाही केलं असंही म्हटलं नाही. उन्हं उतरायच्या आत निघा, गाडी चुकेल, एवढं म्हणाल्या. आम्ही निघालो तेव्हा त्या दांड्यावरून अंगठा फिरवत बसल्या होत्या, आमच्याकडे न पाहता.

परतीच्या वाटेवर सर बोलले. म्हणाले, तीस वर्षं पोरांना शिकवलं की हत्याराला गंज चढू देऊ नका, ते साफ ठेवा. हत्यारावर माणूसही चढतो, हे कधी शिकवलं नाही. त्यानंतर आम्ही एक नियम केला. हत्यार घरातून निघताना घरच्या माणसानं सांगायचं की काय पुसायचं आणि काय नाही, आणि ते मी माझ्या वहीत स्वतः लिहून घ्यायचं. त्या नियमामुळे मला अशा काही गोष्टी कळल्या ज्या फोटोत कधी आल्या नसत्या. एका लोहाराच्या सांडशीवर शेंदराचा ठिपका होता. चांभाराच्या एका आरीच्या मुठीला लहान लेकराचे दात उमटलेले होते. सरांची भीती खोटी ठरली. तेल्हाऱ्याची गोष्ट पसरली, पण त्यामुळे हत्यारं यायची थांबली नाहीत, उलट लोक आपणहून बोलायला लागले.

पुस्तकात कोणता फोटो घ्यायचा यावरून आमचं वाजलं. सरांना मधाळ दांड्याचा तो देखणा फोटो हवा होता. लाकडाच्या रेषा त्याच्यासारख्या दुसऱ्या कशात आल्या नव्हत्या, तेही खरंच. मला अर्ध्या अंधारातला हवा होता. सर म्हणत, लोक म्हणतील बाईला लाइट लावता येत नाही. मी म्हणे, म्हणू देत. शेवटी सुभद्राबाईंनाच विचारायचं ठरलं आणि वर्षभरानं आम्ही पुन्हा गेलो.

ओसरीत चुलीपुढे पऱ्हाटीचा ढीग होता आणि सुभद्राबाई वासल्यानं काड्या तोडत होत्या. सरांनी कपाळावर हात मारला. गाडीचं चाक घडवणारं हत्यार, आणि सरपण! बाईंना आमचा पायरव कळला, पण हात थांबला नाही. बसा म्हणाल्या. मग सरांना काय वाटलं ते त्यांचं तोंड न पाहताच बाईंना कळलं असावं.

"अकरा वरीस गुंडाळून ठेवला," त्या म्हणाल्या. "आता मलेच मळवा लागन तो. मळवून राहिली."

मी त्यांच्याजवळ टेकले. दांड्याची चमक गेली होती. खळग्यांच्या आत, त्यांच्या पूर्ण रुंदीभर नाही पण मधोमध, एक नवी काळपट रेघ धरायला लागली होती. बाईंची बोटं बारीक होती, ती त्या मोठ्या खळग्यांत मावत होती आणि वर जागा उरत होती.

मी फ्लॅश काढला आणि उंबऱ्याशी, जमिनीवर, अगदी खाली ठेवला. बाहेर लख्ख ऊन होतं, ते कॅमेऱ्यात सगळं घालवलं. ओसरी काळी झाली, चूल गेली, आम्ही गेलो. बाईंना मी हात हलवू नका असं सांगितलं नाही. त्या काडी तोडत होत्या, मी बटण दाबलं. पुस्तकभर एकाही फोटोत माणूस नाही, सरांची तशी अट होती. वासल्याच्या पानावर मात्र, त्या दोन्ही फोटोंऐवजी, एक हात आहे, मनगटापर्यंत, हिरव्या बांगड्यांच्या जागी गोंदण असलेला, दांडा घट्ट धरलेला. ते पान सरांनी स्वतः लावलं.